लेव्हल वाढते तेव्हा डॅमेज नेमके कुठून वाढते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा खेळ २०१४ च्या नियमांनी चालवतात. त्यांच्या टेबलावरचा फाइटर (योद्धा) पहिल्या लेव्हलला लाँगस्वर्डच्या डॅमेजसाठी १डी८, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा, टाकत होता आणि अकराव्या लेव्हललाही तोच १डी८ टाकतो आहे. शेजारी बसलेल्या विझार्डचा (जादूगाराचा) फायर बोल्ट हा कितीही वेळा टाकता येणारा मंत्र मात्र एका फाशावरून तीन फाशांवर गेला आहे, आणि रोगचा (Rogue, लपून वार करणारा) स्नीक अटॅक हा जादा डॅमेज तर सहा फाशांवर पोहोचला आहे. फाइटर खेळणाऱ्याची तक्रार आहे की लेव्हल वाढूनही त्याच्या शस्त्राला काहीच मिळाले नाही. तेव्हा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डन्जन मास्टर, या नात्याने पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला तलवारीलाही एकेक जादा फासा द्यावा का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. मात्र त्यामागचे गणित एकदा सावकाश समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते कळले तर असे दहा प्रश्न पुढे स्वतःच सोडवता येतात.

टेबलावर किती फासे पडले यावरून कॅरेक्टरची ताकद मोजण्याची सवय सगळ्यांना असते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. एका राउंडमध्ये, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी (टर्न) होईपर्यंत, सरासरी किती डॅमेज होते हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: हल्ले किती, प्रत्येक हल्ला लागण्याची शक्यता किती, आणि लागला तर सरासरी डॅमेज किती. यात हल्ल्यासाठी टाकलेल्या डी२० वर वीस पडल्यावर होणाऱ्या क्रिटिकलची थोडी भर घालायची; क्रिटिकलला फासे दुप्पट होतात, पण ताकदीचा किंवा चपळाईचा स्थिर बोनस एकदाच धरला जातो. लेव्हल या तीन घटकांपैकी नेमका कोणता घटक वाढवते, हे प्रत्येक क्लासमध्ये, म्हणजे फाइटर, विझार्ड अशा पात्रप्रकारात, वेगळे आहे, आणि आपल्या फाइटरची वाढ दिसत नाही याचे कारण ती फाशांच्या संख्येत नसून हल्ल्यांच्या संख्येत आहे.

आधी मधला घटक बाजूला काढू, म्हणजे लागण्याची शक्यता. २०१४ च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये राक्षस तयार करण्यासाठी जो तक्ता दिला आहे, त्यात चॅलेंज रेटिंग (राक्षसाची अवघडता) १ साठी आर्मर क्लास (हल्ला लागायला डी२० आणि बोनस मिळून निदान जितके यावे लागतात तो आकडा) १३, रेटिंग ५ साठी १५, रेटिंग ११ साठी १७ आणि रेटिंग १७ साठी १९ सुचवला आहे. आता फाइटरकडे पाहा. पहिल्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १६ धरली तर हल्ल्याचा बोनस +५ येतो. पाचव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ १८ (तिचे +४) आणि प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारा बोनस) +३ मिळून +७. अकराव्या लेव्हलला स्ट्रेंग्थ २० आणि प्रोफिशियन्सी +४ मिळून +९. सतराव्या लेव्हलला +११. चारही टप्प्यांवर, आपल्याच तोडीच्या शत्रूसमोर, त्याला डी२० वर ८ किंवा अधिक पडावे लागतात, म्हणजे शक्यता ६५ टक्केच राहते. हे योगायोगाने झालेले नाही. या आवृत्तीच्या रचनाकारांनी आर्मर क्लास आणि हल्ल्याचे बोनस जाणूनबुजून अरुंद पट्ट्यात ठेवले आणि वाढीचा बहुतेक भार डॅमेज आणि हिट पॉइंट (पडण्यापूर्वी किती डॅमेज सोसता येते तो आकडा) यांच्यावर टाकला. त्यामुळे तुलना करताना लागण्याची शक्यता जवळजवळ स्थिर धरता येते आणि उरलेले दोन घटक स्वच्छ दिसू लागतात.

लाँगस्वर्ड, ढाल आणि ड्युएलिंग स्टाइल घेतलेल्या फाइटरचा हिशेब करू. पहिल्या लेव्हलला एक हल्ला लागला तर फाशाचे सरासरी ४.५, अधिक स्ट्रेंग्थचे ३, अधिक ड्युएलिंगचे २, म्हणजे ९.५ डॅमेज होते. ६५ टक्क्यांनी गुणून आणि क्रिटिकलची भर घालून राउंडला सुमारे ६.४ येतात. पाचव्या लेव्हलला एका हल्ल्याचे मूल्य ७.०५ होते, पण एक्स्ट्रा अटॅकमुळे हल्ले दोन होतात आणि बेरीज १४.१ वर जाते. अकराव्या लेव्हलला एका हल्ल्याचे मूल्य ७.७ आणि हल्ले तीन, म्हणून २३.१. विसाव्या लेव्हलला चौथा हल्ला मिळतो आणि आकडा ३०.८ होतो. पहिल्यापासून अकराव्या लेव्हलपर्यंत एका फटक्याचे मूल्य फक्त वीस टक्क्यांनी वाढले, तरीही राउंडचे डॅमेज साडेतीन पटींहून जास्त झाले. खेळाडूच्या हातातला १डी८ बदलला नाही हे खरे, पण तो आता एका टर्नमध्ये तीनदा टाकला जातो, आणि दर वेळी त्याच्यासोबत ७ चा स्थिर बोनसही येतो.

हा स्थिर बोनस या सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. विझार्डच्या फायर बोल्टमध्ये तो मुळीच नसतो. पहिल्या लेव्हलला १डी१०, म्हणजे ६५ टक्के शक्यतेने आणि क्रिटिकल धरून ३.८५, पाचव्याला २डी१० म्हणजे ७.७, अकराव्याला ३डी१० म्हणजे ११.५५, सतराव्याला ४डी१० म्हणजे १५.४. फासे चौपट झाले आणि डॅमेजही बरोबर चौपट झाले, पण अकराव्या लेव्हलला विझार्डची ही फुकटची ठिणगी फाइटरच्या तलवारीच्या नेमकी निम्मी आहे. आता वॉरलॉक या दुसऱ्या जादूगार क्लासचा एल्ड्रिच ब्लास्ट हा मंत्र घ्या. अकराव्या लेव्हलला त्याचेही तीनच डी१० पडतात. फरक इतकाच की ते तीन वेगळे झोत असतात, प्रत्येकासाठी हल्ल्याचा स्वतंत्र डी२० टाकावा लागतो, आणि अॅगोनायझिंग ब्लास्ट ही जादा क्षमता घेतली असेल तर प्रत्येक झोताला करिझ्माचा +५ मिळतो. हिशेब केला तर तो २१.३ वर येतो. तेच तीन फासे आहेत, लेव्हल आणि लागण्याची शक्यताही तीच आहे, आणि डॅमेज मात्र ११.५५ विरुद्ध २१.३. फाशांची संख्या पाहून ताकद ठरवणाऱ्याने ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

रोगची वाढ याच्या अगदी उलट बाजूने होते. त्याला हल्ला एकच असतो, पण स्नीक अटॅकचा डी६ दर विषम लेव्हलला एकाने वाढतो: पहिल्याला एक, पाचव्याला तीन, अकराव्याला सहा, सतराव्याला नऊ आणि एकोणिसाव्याला दहा. रेपियर तलवारीसह त्याची राउंडची सरासरी पहिल्याला ७.५५, पाचव्याला १३.१, अकराव्याला २१.१ आणि सतराव्याला २८.४५ येते. फाइटरच्या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवले तर नियम लिहिणाऱ्यांनी दोघांना किती जवळ ठेवले आहे हे दिसते. सतराव्या लेव्हलला रोग पुढे जातो आणि विसाव्याला फाइटर पुन्हा त्याला गाठतो. मात्र सरासरी जवळ असली तरी अनुभव जवळ नसतो. अकराव्या लेव्हलच्या रोगचा एकमेव हल्ला चुकण्याची शक्यता ३५ टक्के आहे, म्हणजे ढोबळमानाने दर तीन टर्नांपैकी एका टर्नला त्याच्या हाती शून्य येते. फाइटरचे तिन्ही हल्ले चुकण्याची शक्यता ०.३५ चा घन, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच रोग खेळणारे कसेही करून अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन डी२० टाकून मोठा घेण्याची सवलत, मिळवण्याच्या मागे असतात. अॅडव्हान्टेज मिळाला की त्याची शक्यता ६५ वरून जवळजवळ ८८ टक्क्यांवर जाते आणि अकराव्या लेव्हलची सरासरी २९ च्या वर पोहोचते. शिवाय स्नीक अटॅक ‘टर्नला एकदा’ मिळतो, ‘राउंडला एकदा’ नव्हे. दुसऱ्याच्या टर्नमध्ये ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्या शत्रूवरचा हल्ला) मिळाला तर तो पुन्हा लागू होतो, आणि हे माहीत असलेला रोग टेबलावर पाहण्यासारखा असतो.

आता मूळ प्रस्तावाकडे येऊ. तलवारीला पाचव्या आणि अकराव्या लेव्हलला एकेक डी८ जादा दिला, म्हणजे अकराव्याला ३डी८ केले, तर प्रत्येक हल्ल्यामागे सुमारे ६.३ ची भर पडते. फाइटरचे हल्ले तीन असल्याने ती १८.९ होते आणि तो २३.१ वरून थेट ४२ वर जातो. तोच नियम न्यायाने रोगच्या रेपियरलाही लावला तर त्याला मिळतात फक्त ६.३. फायर बोल्टला फासे दिले म्हणून तलवारीलाही द्यावेत हा युक्तिवाद वरवर समतोल वाटतो, पण प्रत्यक्षात तो फाइटरला एकाच गोष्टीचा मोबदला दोनदा देतो, एकदा हल्ल्यांच्या रूपाने आणि दुसऱ्यांदा फाशांच्या रूपाने.

शस्त्राचे फासे वाढवणारी पद्धत मुळातच चूक आहे असा याचा अर्थ नाही. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१९ च्या नियमांत, नेमके हेच होते. तिथे शस्त्रावर स्ट्रायकिंग रून (जादूचे चिन्ह) कोरला जातो आणि चौथ्या लेव्हलच्या सुमारास शस्त्राचे फासे दोन, बाराव्याला तीन आणि एकोणिसाव्याला चार होतात. पण त्या खेळात लेव्हलबरोबर हल्ल्यांची संख्या वाढत नाही. प्रत्येकाला टर्नला तीनच अॅक्शन्स असतात, आणि दुसऱ्या हल्ल्याला साधारणपणे −५ तर तिसऱ्याला −१० असा दंड बसतो. म्हणजे त्यांनी वाढीसाठी फासे निवडले आणि हल्ले गोठवले. पाचव्या आवृत्तीने हल्ले निवडले आणि फासे गोठवले. दोन्ही वाटा आपापल्या जागी सरळ आहेत. एका वाटेचा अर्धा भाग उचलून दुसरीवर चिकटवला की खेळ बिघडतो, आणि घरगुती नियमांत हे फार वेळा होताना दिसते.

फाइटरला फासे न देता हल्ले देण्याची ही परंपरा जुनी आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४ च्या मूळ नियमांत सगळ्या शस्त्रांचे डॅमेज एकच, १डी६ होते. शस्त्रानुसार वेगवेगळे फासे १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आले. पुढे ‘अॅडव्हान्स्ड’ मालिकेत फाइटरला सातव्या लेव्हलपासून दोन राउंडांत तीन आणि तेराव्यापासून राउंडला दोन हल्ले मिळू लागले. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलला चार हल्ले होते, पण ते +२०, +१५, +१०, +५ असे उतरत जाणारे, त्यामुळे शेवटचे दोन हल्ले पुष्कळदा केवळ फासे टाकण्याच्या हौसेपुरते उरत. पाचव्या आवृत्तीने हा उतार काढून टाकला. चौथा हल्लाही पहिल्याइतकाच नेमका लागतो, आणि आपल्या फाइटर मित्राने लेव्हल वाढून काय मिळाले असे विचारले तर त्याला आधी ही गोष्ट सांगावी.

आपल्या प्रश्नात एक वेगळी शंका दडलेली आहे, ती अशी की डॅमेज वाढते आहे तर लढाया लवकर का संपत नाहीत. याचे उत्तर समोरच्याच्या हिट पॉइंटमध्ये आहे. २०१४ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधले काही प्राणी आपल्या फाइटरसमोर एकेकटे उभे करू. रेटिंग १ चा डायर वुल्फ, आर्मर क्लास १४, हिट पॉइंट ३७: पहिल्या लेव्हलच्या फाइटरला सव्वासहा राउंड लागतात. रेटिंग ५ चा ट्रोल, आर्मर क्लास १५, हिट पॉइंट ८४: पाचव्या लेव्हलला सहा राउंड, आणि तेही त्याची जखम भरून येण्याची शक्ती हिशेबात न धरता. रेटिंग ११ चा रेमोराझ, १७ आणि १९५: अकराव्या लेव्हलला साडेआठच्या जवळ. रेटिंग १७ चा प्रौढ रेड ड्रॅगन, १९ आणि २५६: सतराव्या लेव्हलला अकरा. तोडीचा शत्रू लेव्हलबरोबर मोठा होतो आणि नुसत्या तलवारीच्या वाढीपेक्षा थोडा अधिकच वेगाने होतो. ही दरी सबक्लासच्या (क्लासच्या उपप्रकाराच्या) शक्ती, जादूची शस्त्रे आणि मर्यादित वापराच्या क्षमता यांनी भरायची असते.

वाढ प्रत्यक्ष दिसते ती जुना शत्रू पुन्हा भेटल्यावर. ओगर हे याचे उत्तम उदाहरण आहे: आर्मर क्लास ११, हिट पॉइंट ५९. पहिल्या लेव्हलला आपला फाइटर त्याला एकट्याने मारायला निघाला तर सरासरी आठ राउंड लागतील, आणि त्या आठ राउंडांत ओगरचा २डी८+४ चा सोटा फाइटरला जिवंत ठेवणार नाही. पाचव्या लेव्हलला राउंडचे डॅमेज १८.३ होते आणि काम तीन-साडेतीन राउंडांवर येते. अकराव्याला फाइटरचा हल्ला केवळ १ पडला तरच चुकतो, राउंडला ३३ च्या वर डॅमेज होते आणि ओगर दुसऱ्या राउंडमध्ये पडतो. मी डीएम म्हणून दर चार-पाच लेव्हलनंतर खेळाडूंसमोर मुद्दाम ओळखीचे राक्षस आणतो. ज्यांना आपली वाढ जाणवत नाही त्यांना ती दाखवण्याचा याहून सोपा मार्ग नाही, आणि त्यासाठी नियमात काही बदलावे लागत नाही.

स्थिर बोनस आणि हल्ल्यांची संख्या यांचा गुणाकार डीएमला सर्वात जास्त अडचणीत आणतो तो जादूच्या वस्तू देताना. फ्लेम टंग तलवार पेटलेली असताना प्रत्येक लागलेल्या हल्ल्याला २डी६ आगीचे डॅमेज जोडते. अकराव्या लेव्हलच्या रोगच्या हातात तिची किंमत राउंडला ४.९ आहे, फाइटरच्या हातात तीच वस्तू १४.७ ची होते, म्हणजे त्याच्या मूळ डॅमेजमध्ये जवळजवळ दोन-तृतीयांश भर. वस्तू एकच, पण ती कोणाच्या हातात पडते यावर तिचे मूल्य तिप्पट होते. खजिना ठरवण्यापूर्वी हा गुणाकार कागदावर करून पाहण्याची सवय लावून घ्यावी. साध्या +१ तलवारीलाही हेच लागू आहे, फक्त फरक लहान असतो: फाइटरला ३.८, रोगला २.२.

२०१४ चे ग्रेट वेपन मास्टर हे फीटही (निवडून घ्यायची खास क्षमता) याच सूत्रावर चालते. हल्ल्यावर −५ घ्या आणि डॅमेजला +१० मिळवा. पाचव्या लेव्हलला, स्ट्रेंग्थ १८ आणि ग्रेटस्वर्ड असताना, आर्मर क्लास १३ च्या हिल जायंटवर एका हल्ल्याची सरासरी ८.६ वरून १०.८५ वर जाते. १५ वर ७.५ वरून ८.७५, १८ वर मात्र ५.८५ वरून ५.६ वर घसरते. आर्मर क्लास कमी असेल तेव्हा वापरावे आणि जास्त असेल तेव्हा हात आवरावा, इतके यातून कळते. पण खरी धार पुन्हा हल्ल्यांच्या संख्येत आहे, कारण तो +१० प्रत्येक हल्ल्याला मिळतो. २०२४ च्या सुधारित नियमांत हा सौदा काढून त्याऐवजी जड शस्त्राच्या हल्ल्याला प्रोफिशियन्सी बोनसइतके डॅमेज जोडले आहे, आणि माझ्या मते तो बदल योग्य आहे. आधीच्या रूपात हे फीट न घेणारा ग्रेटस्वर्डधारी स्वतःवर अन्याय करून घेत होता.

एवढे सगळे खरे असूनही आपल्या फाइटरला दुय्यम वाटत असेल तर कारण फायर बोल्ट नसावे. अकराव्या लेव्हलच्या विझार्डला सहाव्या पातळीचा एक स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याची मोजकी संधी) मिळतो आणि त्यातून डिसइंटिग्रेट सुटला व शत्रूचा बचाव फसला तर १०डी६+४०, म्हणजे सरासरी ७५ डॅमेज एका झटक्यात होते. फायरबॉलचे ८डी६, सरासरी २८, एकाच वेळी पाच-सहा शत्रूंवर पडतात. या गोष्टी दिवसाला मोजून मिळतात हीच त्यांची किंमत आहे, आणि ती किंमत वसूल होते ती दिवसभरात लढाया पुरेशा झाल्या तरच. ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये एका साहसदिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी आणि साधारण दोन शॉर्ट रेस्ट (लढायांमधली छोटी विश्रांती) गृहीत धरले आहेत. आपल्याकडे बहुतेक खेळ रविवारच्या एका बैठकीत एकच मोठी लढाई लढून संपतात, आणि मग विझार्ड सगळे स्लॉट त्या एका लढाईत रिकामे करतो. फाइटरचा अॅक्शन सर्ज, म्हणजे एका टर्नमध्ये आणखी एक कृती, शॉर्ट रेस्टनंतर परत मिळतो. अकराव्या लेव्हलला तो एका टर्नमध्ये सहा हल्ले आणि सुमारे ४६ सरासरी डॅमेज देतो. दिवसात शॉर्ट रेस्ट झालाच नाही तर तो एकदाच वापरला जातो, दोन झाले तर तीनदा. बैठक संपली म्हणजे खेळातला दिवस संपला असे न धरता तोच दिवस पुढच्या बैठकीत चालू ठेवला, तर तक्रारीचा बराचसा भाग आपोआप मिटेल.

त्यानंतरही फाइटरला काही द्यायचेच असेल तर ते ‘टर्नला एकदाच’ या अटीसह द्यावे. क्लेरिक या पुरोहित क्लासच्या डिव्हाइन स्ट्राइकमध्ये हाच उपाय आहे: आठव्या लेव्हलला १डी८ आणि चौदाव्याला २डी८, पण टर्नमध्ये एकाच फटक्याला. ही अट घातली की हल्ल्यांच्या संख्येचा गुणाकार तुटतो आणि दिलेली भर दिली तेवढीच राहते. अकराव्या लेव्हलच्या फाइटरला त्या टर्नमध्ये पहिल्या लागलेल्या हल्ल्यावर एक जादा डी८ दिला तर राउंडला साडेचारच्या आसपास वाढ होते. खेळाडूला हातात नवा फासा मिळाल्याचे समाधान होते, आणि रोग किंवा वॉरलॉक खेळणाऱ्याला पुढच्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन यावे लागत नाही.